घमेल्यावरचे तीन पट्टे

'लोगो' हा शब्द जामसंड्यात पहिल्यांदा मी आणला, असं मी पुष्कळ वर्षं ऐटीत सांगत असे. तसा तो कणकवलीहून आला, एस.टी.नं, माझ्याबरोबर. दोन हजार दोन-तीनचं साल असेल. रंग आणि टर्पेंटाइन आणायला मी महिन्यातून एकदा कणकवलीला जायचो. तिथल्या एका छापखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्यापुढे बसलेला माणूस एक आंबा घेऊन त्याला लांब करत होता, गोल करत होता, हिरव्याचा पिवळा करत होता. हे काय चाललंय म्हणून विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "लोगो. धंद्याची ओळख. आता नुसत्या बोर्डावर भागत नाही." परतीच्या गाडीत मी सबंध वाट अस्वस्थ होतो. आठ-नऊ वर्षं मी ब्रश चालवत होतो आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या दुकानाच्या बोर्डाखाली लाल अक्षरांत लिहिलं, 'येथे लोगो करून मिळतील'. पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. एकानं आत डोकावून, हा पावाचा काही नवा प्रकार आहे का, असं विचारलं. मी त्याला असा काही झापला की त्यानं पुन्हा माझ्या दुकानाकडे पाहिलंही नसेल.

मी तेव्हा तसाच होतो. अंगात मस्ती होती. होड्यांवरची नावं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, किराणा दुकानांचे बोर्ड, देवगडपर्यंतचं बरंचसं काम माझ्या हातचं. अक्षर माझं खरंच चांगलं होतं, हे आजही म्हणेन. पण कोणी 'ल' जरा मोठा काढ म्हणालं की माझं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकाला काय कळतं, हे माझं ठरलेलं वाक्य.

माझं पहिलं आणि खरं सांगायचं तर एकमेव लोगोचं गिऱ्हाईक श्रावणात आलं. मिठबावची मावशी. ती मासे विकायची. माझं मूळ गाव मिठबावच्या वरच्या अंगाला, भातशेती आणि काजूंचं. मी पहिली-दुसरीत होतो तेव्हापासून ती डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आमच्या वाडीत यायची. लहान-थोर सगळे तिला मावशीच म्हणत.

आमच्याकडची घरं एकमेकांना चिकटून नसतात. एक घर घाटीच्या वर, दुसरं ओहोळाच्या खाली, मध्ये काजीच्या बागा आणि चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. प्रत्येक दारात जाऊन विचारायचं म्हटलं तर मासे टिकायचे नाहीत आणि पायही टिकायचे नाहीत. म्हणून मावशी पायवाटेनंच चालायची आणि हाक मारायची. "बांगडेऽऽ घेवा गोऽऽ." तो शेवटचा 'गो' ती असा वर नेऊन सोडायची की तो तीन गडगे ओलांडून न्हाणीघरात पोचायचा. वेळ ठरलेली नसायची. भरती-ओहोटी, वारा, जाळ्यात काय लागलं, यावर सगळं. कधी नऊला, कधी बारा वाजून गेल्यावर. आई हातातलं काम टाकून ताट घेऊन गडग्याकडे निघायची आणि आमची मांजर तिच्याही आधी तिथे जाऊन बसलेली असायची. आजही एखाद्या दुपारी एकटा असलो की ती हाक मला आठवते आणि भूक लागते. त्या दिवसांची मला फार, फार ओढ आहे, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

त्या श्रावणात मावशी दुकानात आली आणि काहीच बोलली नाही. गळ्याला पांढरं फडकं होतं. मी 'काय गो मावशी' म्हणालो, तर तिनं मला हातानं जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी कुजबुजली. उन्हाळ्यात घशात गाठ झाली होती. कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात ती काढली. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलीय तेवढी कुजबुज जपून वापर. दसऱ्यापर्यंत डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. त्यानंतर हवं ते कर.

"दसऱ्यानंतर मी पाटी उचलतलंय," ती म्हणाली. "पण लोकांका कळतला कसा मी इलंय ता?"

मी म्हणालो, "भोंगा घे एक. रबराचा. पों पों."

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत सरळ बसलो. "भोंगो पाववाल्याचो. घंटा कुल्फीवाल्याची. गाडयेचो हारन बर्फातलो मासो इकणाऱ्याचो. माका काय रवला?"

तिचं खरं होतं. त्या वर्षांत मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून मासे विकणारे यायला लागले होते. हॉर्न वाजला की लोकांना कळायचं, कालचा मासा आला. मावशीचा मासा त्याच सकाळी समुद्रातून निघालेला. तिनं हॉर्न वाजवला असता तर तिची तीस वर्षांची पत गेली असती. आणि दसऱ्यानंतर चार-सहा दिवस ती वाटेवरून जातेय हे लोकांना कळलं नसतं, तर ती गिऱ्हाइकं त्या मोटरसायकलवाल्यांकडे गेली असती ती कायमची. नवरा गेल्यावर त्या पाटीवर तिनं घर उभं केलं होतं. घरी बसून सुनेच्या हाताकडे बघत राहण्याची तिची तयारी नव्हती.

"पेंटरा, माका एक खूण करून दी," ती म्हणाली.

"खूण नाही गो, लोगो," मी म्हणालो.

"ता तू काय म्हणशीत ता. लोकांनी बघल्यार माका वळाखूक व्हया."

मी आठ दिवस खपलो. पत्र्याच्या गोल तबकडीवर वरती उगवता सूर्य, खाली तीन लाटा, बाजूला वाकलेला माड आणि मध्यभागी एक देखणा बांगडा. पाठीवरच्या निळ्या-काळ्या नक्षीला मी दोन दिवस दिले. भोवती कमानदार अक्षरांत 'ताजी मासळी'. माझ्या मते कणकवलीच्या त्या बटणं दाबणाऱ्याला पाणी पाजणारं काम होतं ते.

मावशीनं तबकडी हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि कुजबुजली, "हो मासो शिळो आसा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं बोट ठेवून दाखवलं. "डोळो बघ. भितर गेलो. पांढरो पडलो. तीन दिस झाले ह्येका. असो मासो मी लोकांका दाखयलंय तर लोक तो माझ्याच तोंडार मारतले."

मी चिडलो. चित्रातला मासा शिळा कसा असेल, चित्र ते चित्र, असं काहीबाही बोललो. तिनं वाद घातला नाही. तशीच उठली, बाजारात गेली आणि एक बांगडा घेऊन आली. माझ्या टेबलावर, माझ्या नव्या रंगाच्या डब्याशेजारी तो ठेवला. डोळा फुगीर, काळाभोर, काचेसारखा. मग नखानं कल्ला उघडला. आत लालभडक. मी माझ्या तबकडीवर डोळा पांढरा गोल काढून मध्ये टिंब दिलं होतं आणि कल्ला काढला होता तपकिरी, कारण तो रंग उघडलेल्या डब्यात उरला होता. आयुष्यभर बांगडे खाल्ले, पण बघितले ताटात पडल्यावर. मेलेला, शिजलेला मासा मला ठाऊक होता आणि तोच मी मन लावून काढला होता.

मला हसू आलं आणि तिलाही आलं. तिचं हसणं आता आवाजाशिवायचं होतं, नुसते खांदे हलायचे. ते पाहून माझं हसू गेलं.

मी डोळा बदलला, कल्ला लाल केला. तिनं पुन्हा पाहिलं. "आता मासो बरो झालो," ती म्हणाली. "पण हेचो डोळो बघूक गिरायक खंयसून येतला? माझ्या डोक्यार चढान बघतला?"

मग तिनं तबकडी दुकानाबाहेरच्या खिळ्याला टांगली, माझं मनगट धरलं आणि मला रस्त्यानं चालवत नेलं. एस.टी. थांब्यापाशी थांबून मागे वळायला लावलं. मी पाहिलं. सूर्य नाही, माड नाही, मासा नाही, अक्षरं तर नाहीतच. एक रंगीत डाग दिसत होता, तोही तिथे आहे हे माहीत होतं म्हणून. माझी दोन दिवसांची नक्षी पन्नास पावलांत संपली होती.

थांब्याच्या कट्ट्यावर बसून तिनं मला जे सांगितलं, ते मला कुठल्याही शाळेत कोणी शिकवलं नसतं. हळूहळू, मध्ये थांबत, घसा सांभाळत ती बोलत होती. नवीन लग्न होऊन मिठबावला आली तेव्हा बाकीच्या बायकांबरोबर ती किनाऱ्यावर उभी राहायची. समोर वीस-पंचवीस होड्या एकदम परतायच्या. आपली होडी आधी ओळखली तर पाटी उचलून पाण्याशी आधी पोचता यायचं. "नाव कोण वाचता रे? होडी किनाऱ्याक लागासर नाव दिसना नाय. आदी पट्टे दिसतत. आमचे निळो, पांढरो, निळो. बस. ते दिसले की जीव खाली पडा."

मी त्या किनाऱ्यावर कितीतरी होड्यांची नावं रंगवली होती. नावाला वेलबुट्टी, सावली, सगळं. अंगाला पट्टे मारायचं काम मात्र मी कधी घेतलं नाही. ते होडीवाले स्वतःच मारायचे आणि मला ते हमालीचं काम वाटायचं. ज्या पट्ट्यांना मी हमाली समजत होतो तोच त्या होड्यांचा लोगो होता. ही गोष्ट मावशीनं मला कुजबुजत सांगितली, म्हणून मी ती मुकाट ऐकून घेतली. मोठ्यानं सांगितली असती तर भांडलो असतो.

आता प्रश्न होता पट्टे कुठे मारायचे. त्यासाठी आम्ही दोघं एका सकाळी तिच्या वाटेनं रिकामं घमेलं घेऊन चालून आलो. तिथे मला दुसरी गोष्ट कळली. वाट खोलगट आणि तिच्या दोन्ही अंगांना गडगे, वाटेवरच्या माणसाच्या डोक्याएवढे. मी एका घराच्या पडवीत जाऊन उभा राहिलो आणि मावशीला वाटेनं चालायला सांगितलं. मावशी दिसतच नव्हती. गडग्यावरून फक्त तिच्या डोक्यावरचं घमेलं सरकत जाताना दिसत होतं. पूर्वीची बांबूची पाटी जाऊन आता तिच्याकडे ॲल्युमिनियमचं मोठं घमेलं होतं. म्हणजे सबंध व्यापारातली लोकांना दिसणारी जागा तेवढीच. घमेल्याची बाहेरची बाजू, चारही अंगांनी, कारण घरं वाटेच्या दोन्हीकडे.

रंगावरून मी शेवटचा एक हट्ट करून पाहिला. मला नारिंगी हवा होता. तिनं नुसतं मानेनं नाही म्हटलं. नवऱ्याच्या होडीचे जे, तेच. निळा, पांढरा, निळा. मी म्हटलं, निळा आभाळात हरवेल. म्हणून मी निळा गडद केला, जवळजवळ रात्रीचा, आणि पांढरा पट्टा दोन्ही निळ्यांहून रुंद ठेवला. एवढीच माझी कलाकारी. ॲल्युमिनियमवर रंग धरत नाही, म्हणून आधी सगळं पॉलिश पेपरनं खरवडलं, प्रायमरचे दोन हात दिले, मग ऑइलपेंट. खाऱ्या पाण्यानं पापुद्रे निघू नयेत म्हणून वर वॉर्निश. उलटं टांगून आठवडाभर वाळवलं. दुकानात येणारे विचारायचे, हे काय? मी म्हणायचो, लोगो. ते घमेल्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि विषय बदलायचे.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं पट्ट्यांचं घमेलं उचललं. माझ्यानं राहवलं नाही, मीही पहिल्या गाडीनं मिठबावला पोचलो आणि तिच्या मागून चालू लागलो. कापणीचे दिवस होते, ऊन लख्ख. गडग्यावरून ते पट्टे असे खणखणीत दिसत होते की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

कोणी बाहेर आलं नाही.

एका घरी बाई पाठमोरी भात झोडत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. एका घरी दोघी विहिरीवर होत्या, पाणी शेंदण्यात. एका घरी म्हातारा पडवीत बसून थेट आमच्याकडे बघत होता. त्यानं पट्टे पाहिले आणि पान लावायला घेतलं. लोक तीस वर्षं मावशीला कानांनी ओळखत होते. त्यांचे डोळे तिला शोधतच नव्हते, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना निळा-पांढरा-निळा म्हणजे कोण, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. होडीचे पट्टे किनाऱ्यावरच्या बायकांना ठाऊक. आमची भात लावणारी माणसं, त्यांना काय ठाऊक!

अर्ध्याहून जास्त बांगडे परत आले. मावशी ते खारवायला बसली. मिठाचा हात फिरवताना ती माझ्याकडे बघत नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुझी चूक नाय रे," ती म्हणाली. ते मला जास्त लागलं.

त्या दिवशी मला रडू आलं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. दया होतीच, पण खोटं कशाला बोलू, माझा अहंकारही दुखावला होता. मी केलेली खूण खोटी ठरली होती. नुसता लोगो काढून भागत नाही, तो कोणाचा हे आधी लोकांच्या मनात बसावं लागतं. पट्टे आणि हाक एकत्र गेली पाहिजेत, पुष्कळ दिवस. मग हाक काढून घेतली तरी पट्टे उरतील. पण हाक मारणार कोण? सून बाळंतपणाला माहेरी, मुलगा होडीवर. शेजारणींच्या स्वतःच्या पाट्या आणि स्वतःच्या वाटा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला 'दुपारनंतर उघडेल' अशी पाटी लावली आणि मिठबावला जाऊन मावशीला म्हणालो, "चल. हाक मी मारतो."

ज्या गावात मला सगळे 'आर्टिस्ट' म्हणायचे, त्या गावात मी बांगडे ओरडत फिरलो. पहिली हाक तर घशातून निघेचना. मावशीनं कुजबुजून हाणलं, "तोंडात मीठ धरलंस काय? लांबव. शेवट लांबव." मी लांबवला. तो 'गो' वर जायच्या ऐवजी मधेच फाटला. घरांतून माणसं धावत बाहेर आली, मासे घ्यायला नव्हे, काय झालं ते बघायला. पण आली. आणि आली की त्यांना आधी दिसायचे पट्टे, मग मावशी, मग मी. तिला बघून बायका गळ्याचं विचारायच्या, डोळ्यांना पदर लावायच्या आणि ताट आणायला पळायच्या.

आमच्या घराशी आलो तेव्हा आई गडग्याशी ताट घेऊन उभी. मला बघून तिचा चेहरा पडला. "मेल्या, इतक्या शिकान गावात बांगडे इकतंस? लोक काय म्हणतले?" मग मावशीकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा जास्त बांगडे घेतले. दुसऱ्या दिवशी तिनं मला वाटेत थांबवून गुळाचा खडा दिला, घशासाठी.

सगळ्यात वाईट फजिती शेवटच्या घरची. ओहोळापलीकडे एक काकी राहायची, तोंडाची तिखट. मावशीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पहिल्याच दिवशी ती गडग्यावर हात टेकून म्हणाली, "रेडो कोण रेकता म्हणान बघूक इलंय. तुझो आवाज ऐकान माझ्या गायीचा दूध आटतला." आणि मासे न घेताच आत गेली. रोज तेच. माझी हाक ऐकू आली की ती मुद्दाम दार लावून घ्यायची. त्या घरापाशी मावशीची पावलं मंद व्हायची. तीस वर्षांचं गिऱ्हाईक माझ्या गळ्यामुळे तुटत होतं, हे मला दिसत होतं. काकीनं परवा बर्फवाल्याकडून सुरमई घेतली, हेही कानावर आलं होतं.

असे जवळजवळ दोन आठवडे गेले. माझा घसा बसला, दुकानाची कामं तुंबली, दोन होडीवाले दुसरा पेंटर शोधायला देवगडला गेले. तरी त्या सकाळी मला आवडू लागल्या होत्या. वाटेवर दव असायचं, कापलेल्या भाताचा वास यायचा, पुढे ते निळे-पांढरे पट्टे संथ चालीनं डुलत जायचे आणि मी मागून ओरडत. पुढे फ्लेक्स आले, माझे ब्रश वाळून गेले, तेव्हा मी कॉम्प्युटरही शिकलो आणि पुष्कळांचे पुष्कळ लोगो केले. त्यांतला एकही मी इतक्या जवळून चालताना पाहिला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी मावशी म्हणाली, "आज तू गप रव."

मी म्हटलं, अजून आठ दिवस ओरडतो. ती ऐकेना. तिला एकदाचं काय ते बघायचं होतं. मी दहा पावलं मागे राहिलो, ओठ मिटून. आज कोणी आलं नाही तर उद्या मी तिला काय तोंड दाखवणार होतो?

पहिल्या घरी कोणी नाही. दुसऱ्या घरचं दार लावलेलं. मावशीची मान ताठ होती, पण घमेलं जरा जास्त हलत होतं. तिसऱ्या घराच्या वळणाला आलो, तर गडग्याच्या फटीत एक बाई ताट घेऊन आधीच उभी. "बांगडे की सौंदाळे?" एवढंच तिनं विचारलं, जणू रोजचंच. मग खाली मळ्यात कापणीला वाकलेल्यांपैकी एकीनं कमर सरळ केली, इकडे पाहिलं आणि विळा उंचावून थांबायची खूण केली. पान लावणाऱ्या त्या म्हाताऱ्यानं आत तोंड करून सुनेला हाक दिली, "मावशी इली गो." आईनं ताट पुढे केलं आणि माझ्याकडे बघून, आज घसा बसला वाटतं, असं हातानंच विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं. घमेल्यात आता पाच-सहा बांगडे उरले होते.

ओहोळ ओलांडताना मी मावशीला म्हणालो, "इथूनच परत फिरूया." तिनं ऐकलं नाही. काकीच्या गडग्याकडे ती चालत राहिली.

आम्ही अजून गडग्याशी पोचलोही नव्हतो आणि काकी घरापुढच्या खळ्यातून लगबगीनं आली. हात ओले, कपाळाला पिठाचा डाग, हातात ताट. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थेट मावशीवर तुटून पडली. "तुझो आवाज बरो झालो ता माका सांगूचा नाय? इतके दिस त्या रेड्याक फिरवलंस! आज तुझी हाक ऐकलंय आणि भाकरी तव्यार टाकून इलंय."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या सबंध वाटेवर हाक अशी एकही दिली नव्हती. मावशीला तर देताच येत नव्हती. काकीच्या चुलीपासून पडवीतून वाटेकडे सरळ नजर जात होती, आणि गडग्यावरून सरकत येणारं तिला काय दिसलं असेल ते आम्हा दोघांनाही कळलं.

मावशीनं घमेलं उतरवलं, उरलेले सगळे बांगडे काकीच्या ताटात घातले आणि पदर तोंडाला लावून तिथेच खाली बसली. काकी गोंधळली. "गो, रडतंस कित्याक? काय झाला?" मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "खरा सांग रे, हिनाच हाक मारल्यान ना?"

हे पट्टे माझे, हे काम माझं, असं सांगायला ती जागा उत्तम होती. गावातली सगळ्यात तिखट बाई समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"होय गो काकी," मी म्हणालो. "मावशीनच मारल्यान. मीय ऐकलंय."